थ्रॉटल बॉडी नंतर, आधी विम्याचा फॉर्म

पत्र थोडक्यात असं आहे: “वय ३४. पगार हातात ९५ हजार, घराचा हप्ता ३१ हजार, घरखर्च ४५ हजार. गृहकर्ज अजून ३८ लाख बाकी. पत्नी सध्या घरीच असते, मुलगी चार वर्षांची. जुनी एस्टीम रॅलीसाठी बांधली आहे. वर्षाला तीन रॅली करतो, त्यात सव्वा लाख जातात. मेहुणा नॅव्हिगेटर. आता चार स्वतंत्र थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा), नवं इनटेक मॅनिफोल्ड (ती हवा सिलिंडरकडे नेणारा नळ्यांचा जोड), स्टँडअलोन ईसीयू (इंजिन सांभाळणारा वेगळा संगणक) आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग, असं साडेतीन लाखांचं कोटेशन आलं आहे. ट्यूनर म्हणतो २५ हॉर्सपॉवर वाढतील. पहिल्या तिनात आलो की प्रायोजक मिळेल. १४ टक्क्यांचं पर्सनल लोन घेऊ की चार लाखांची एफडी मोडू? घरच्यांची काळजी नाही. गाडीचा फुल इन्शुरन्स आहे आणि १६ महिन्यांपूर्वी एक कोटीचा टर्म विमाही घेतला आहे. रॅलीचं फॉर्मवर लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल, असं एजंटने सांगितलं होतं. त्याच्याकडूनच वर्षाला ६० हजारांची बचत योजनाही घेतली. तीन वर्षांनी त्यावर गाडीसाठी कर्ज मिळेल म्हणाला.”

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: लोनही नको, एफडीही नको. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं ते “फॉर्मवर लिहू नका” या वाक्यासाठी. तुमच्या घरावरचं सगळ्यात मोठं संकट तिथे आहे, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

टर्म विम्याच्या फॉर्मवर धोकादायक छंदांचा प्रश्न असतो आणि त्यात मोटर रेसिंगचा उल्लेख असतो. तिथे “नाही” असं लिहून गेलं. पेन एजंटचं होतं, सही तुमची आहे, आणि कंपनी सही बघते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षं कंपनीला फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येतो. तुमचे १६ महिने झालेत, २० उरलेत. दडवलं हे शोधायला कंपनीला कष्टही पडणार नाहीत. स्पर्धा-परवाना, प्रवेशिका, आयोजकांना लिहून दिलेलं हमीपत्र, या सगळ्यांवर तुमचं नाव आणि तारीख आहे. आणि कंपनीने फसवणूक न म्हणता फक्त माहिती दडवली असं धरलं, तर भरलेला प्रीमियम परत करतात. तुमचे दोन हप्ते, अंदाजे २६ हजार. एक कोटीच्या जागी तुमच्या पत्नीच्या हाती २६ हजार येतील आणि समोर ३८ लाखांचं कर्ज असेल.

ते एक कोटी कशासाठी आहेत तेही मोजू. कर्ज फेडून ६२ लाख उरतात. घरखर्च वर्षाला साडेपाच लाख धरला आणि व्याज महागाईत गेलं असं मानलं, तर ११ वर्षं निघतात. मुलगी तेव्हा पंधराची असेल. म्हणजे दावा पूर्ण मिळाला तरी पैसे कसेबसेच पुरतात. यातला एक रुपयाही धोक्यात घालण्याची तुमची ऐपत नाही.

आता तुमच्या मनात येईल की २० महिने गप्प बसू, तीन वर्षं पूर्ण झाली की कलम ४५ आपल्या बाजूने. हे सुचवणारे सल्लागारही भेटतात आणि मला त्यांचा संताप येतो. या २० महिन्यांत तुमच्या पाच रॅली आहेत. ज्या काळात गरज लागण्याची शक्यता सर्वात जास्त, नेमका तोच काळ तुम्ही उघड्यावर काढणार. आणि खोटी सही ती खोटीच.

म्हणून या आठवड्यात कंपनीला लेखी कळवा: हौशी रॅली करतो, वर्षाला तीन, अमुक वर्गात, अमुक वर्षापासून. पत्राची पोच घ्या. त्याच वेळी दुसऱ्या एक-दोन कंपन्यांकडे सगळं खरं लिहून अर्ज करा. पहिली कंपनी प्रीमियम वाढवेल, रॅलीतला मृत्यू वगळेल किंवा पॉलिसीच रद्द करेल. यातलं काहीही झालं तरी तुम्हाला कुठे उभे आहात ते कळेल. समजा प्रीमियम दुप्पट झाला: १३ हजारांचे २६. वर्षाला १३ हजार जास्त, म्हणजे तुम्ही जे लोन घ्यायला निघालात त्याच्या जवळजवळ एका महिन्याच्या हप्त्याएवढे. एवढ्यासाठी त्या एजंटने तुम्हाला खोटं लिहायला लावलं. लेखी उत्तर येईपर्यंत स्टेजवर (रॅलीतल्या वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्यावर) गाडी घालू नका. एक रॅली चुकेल. चुकू दे.

“फुल इन्शुरन्स” बद्दलही. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. त्यात संघटित शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडी किती टिकते याची चाचणी) वगळलेली असते. स्टेजवर गाडी उलटली तर दुरुस्ती तुमच्या खिशातून. अपघात विमा आणि टर्मसोबतचे अपघाती रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) यांतही शर्यतीचा अपवाद सर्रास असतो. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादात धोकादायक खेळ “व्यावसायिक” म्हणून खेळणाऱ्यांचा उल्लेख आहे, त्यामुळे हौशी माणसाला बाजू मांडता येते. तरी कंपनीकडून लेखी घ्या. परवान्यासोबत किंवा आयोजकांकडून काही अपघात विमा मिळत असेल तर त्याची रक्कम वाचा, नुसतं नाव वाचून थांबू नका.

आता लोन. साडेतीन लाख, १४ टक्के, तीन वर्षं: हप्ता १२ हजार, व्याज ८० हजार. पगारातून घराचा हप्ता आणि घरखर्च गेला की १९ हजार उरतात. बचत योजनेचे ५, टर्मचे १, रॅलींचे १० वजा करा. उरले तीन हजार. त्यात १२ हजारांचा हप्ता बसत नाही, दर महिन्याला नऊ हजार कमी पडतात. आणि एफडी म्हणजे नोकरी गेली तर तुमचे पाच महिने. ती मोडून इंजिनात घालायची नाही.

राहिलं कोटेशन. मी काही हंगाम नॅव्हिगेटरच्या सीटवर बसलो आहे, त्यामुळे ही हौस मला कळते. चार ट्रम्पेटमधून (थ्रॉटल बॉडीच्या तोंडावरच्या कर्ण्यांमधून) हवा खेचणाऱ्या इंजिनाचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. पण एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन मुळात ८५ हॉर्सपॉवरचं. कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), कॉम्प्रेशन आणि एक्झॉस्ट मूळचेच ठेवून नुसत्या थ्रॉटल बॉडीने त्यात २५ वाढतील हे मी मानत नाही. त्यांचा खरा फायदा पायाला मिळणाऱ्या तत्काळ प्रतिसादात आहे. वरच्या आरपीएमची ताकद कॅम बदलल्याशिवाय फारशी येत नाही. तो प्रतिसादही सैल खडीवर दुधारी असतो. चार थ्रॉटलच्या झडपा जराशा उघडल्या की एकदम खूप हवा आत येते. लिंकेज (पेडल आणि थ्रॉटल जोडणारी यंत्रणा) सुरुवातीला सावकाश उघडणारं नसेल तर वळणातून निघताना चाकं नुसती फिरतात.

कोटेशनात काय नाही ते बघा. धुळीसाठी फिल्टरसह बंद एअरबॉक्स नाही. धुळीच्या स्टेजवर उघडे ट्रम्पेट म्हणजे सिलिंडरमध्ये पॉलिश पेपर. ब्रेक बूस्टरसाठी (ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या भागासाठी) चारही रनरमधून, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांमधून, व्हॅक्यूम गोळा करणारा डबा आणि एकतर्फी व्हॉल्व्ह नाही. तो नसेल तर ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं. थ्रॉटल परत बंद करणारी दुहेरी रिटर्न स्प्रिंग नाही, आणि थ्रॉटल उघडा अडकणं ही रॅलीतली सगळ्यात वाईट गोष्ट. ट्यूनिंगला डायनोचा एकच दिवस धरलाय. अशा मांडणीत मॅनिफोल्डचा दाब नीट वाचता येत नाही, म्हणून मॅप, म्हणजे किती इंधन द्यायचं याचा तक्ता, थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम यांवर बांधावा लागतो. अर्ध्या थ्रॉटलचा प्रत्येक कप्पा भरायला वेळ जातो. घाटात उंची बदलते, त्याची भरपाई वेगळी. चारही गळ्यांची हवा समान करण्याचं काम दर रॅलीनंतर पुन्हा. साडेतीनचे साडेचार लाख धरा. शिवाय इनटेक बदलल्यावर तुम्ही आहात त्याच वर्गात राहता का, हे तांत्रिक नियमांत बघितलंत का? जास्त बदल चालणाऱ्या मोकळ्या वर्गात ढकलले गेलात तर पहिले तीन विसरा. प्रायोजकाच्या रकान्यात शून्य लिहा. पैसे खात्यात जमा झाले की बदलू.

कामाला क्रम लावा. आधी फक्त ईसीयू आणि वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा), मूळ थ्रॉटलवर. थ्रॉटल बॉडीला ते पुढे लागणारच आहेत, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. तुमच्या यादीप्रमाणे हे सव्वा लाखाचं काम आहे.

ते पैसे येणार कुठून? त्या बचत योजनेतून. दहा वर्षं ६० हजार भरा, पंधराव्या वर्षी १० लाख घ्या. सहाचे दहा ऐकायला छान वाटतात, पण हा परतावा वर्षाला पाच टक्के पडतो. १४ टक्क्यांचं लोन काढून पाच टक्के कमवायला निघालात! कर्ज मिळतं ते सरेंडर मूल्यावर (योजना मधेच मोडली तर मिळणाऱ्या रकमेवर), आणि ते मूल्य तिसऱ्या वर्षी भरलेल्या पैशांपेक्षा कमी असतं. तिसऱ्या हप्त्याआधी सरेंडर आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता योजना तशीच ठेवली तर मिळणारी रक्कम) दोन्ही आकडे लेखी मागवा आणि मला पाठवा. योजना थांबवली तर वर्षाला ६० हजार मोकळे होतात. वाढीव प्रीमियम जाऊन ४७ उरतात. पावणेतीन वर्षांत ईसीयू, तोही एफडीला हात न लावता.

आणि एक, तुमच्या शेजारच्या सीटवर मेहुणा बसतो. त्यांनी टर्म विमा घेतलाय का, घेतला असेल तर त्याच एजंटकडून का, आणि त्यांच्या फॉर्मवर काय लिहिलंय, हे आज रात्री फोन करून विचारा.