जळगावात रोलर स्केटिंग करणारा 11 वर्षांचा मुलगा बर्फावरील फिगर स्केटर होऊ शकेल का, आणि ही कारकीर्द किती वर्षे चालते?

होऊ शकेल, परंतु वरिष्ठ गटातील पुरुष स्केटरची कारकीर्द साधारणतः सतराव्या वर्षापासून पंचविशी-सत्ताविशीपर्यंतच चालते, त्यामुळे बर्फावरचा सराव आता लांबवून चालणार नाही. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या नियमानुसार 2024-25 च्या हंगामापासून वरिष्ठ गटाचे किमान वय 17 वर्षे आहे. कारकीर्द आखूड असण्याचे मुख्य कारण शरीर हेच आहे: हवेत चार फेऱ्या घेणारी उडी एकाच पायावर उतरवावी लागते, आणि वर्षानुवर्षांच्या सरावात तो सारा भार त्याच घोट्यावर, गुडघ्यावर व कमरेवर पडत राहतो. जपानच्या युझुरु हान्यूने चौथ्या वर्षी स्केटिंग सुरू केले, 2014 व 2018 मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले आणि 2022 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, स्पर्धांचा निरोप घेतला. अमेरिकेच्या नेथन चेनने तर 2022 चे सुवर्ण 22 व्या वर्षी जिंकले आणि त्यानंतर तो स्पर्धेत उतरलाच नाही. रोलरवर कमावलेला तोल, गिरक्या व उड्यांचा अंदाज वाया जात नाही, मात्र बर्फावरच्या बुटाच्या पात्याच्या धारेवर झुकणे चाकांवर पुरते शिकता येत नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात बर्फाची अपेक्षा कोण करणार? त्यासाठी डेहराडून किंवा गुरुग्रामसारख्या ठिकाणी मुक्काम ठोकावा लागेल, आणि तो खर्च शिकवणीच्या शुल्कापेक्षा जड जाण्याची शक्यता अधिक.