वाचकांचे प्रश्न : मंजूर नकाशाची मुदत कुठवर?

प्रश्न : नगरपालिका हद्दीतल्या आमच्या भूखंडावर घर बांधायला १४ जून २०२३ रोजी परवानगी मिळाली. पाया खणून फुटिंगचे (खांबांखालच्या पायाचे) काँक्रीट केले, मग कर्ज अडकले आणि काम थांबले. नूतनीकरण एकदाही केले नाही. परवानगी गेली का?

उत्तर : खोदकाम आणि फुटिंग झाले म्हणजे काम सुरू झाले, असे नियम मानत नाहीत. बांधकाम जोत्यापर्यंत, म्हणजे जमिनीवर उचललेल्या तळमजल्याच्या पातळीपर्यंत, यावे लागते. जोतेच नसेल तर स्टिल्टच्या (खांबांवरच्या मोकळ्या तळाच्या) किंवा खालच्या तळघराच्या वरच्या पातळीपर्यंत. तेव्हा तुमचे काम कागदावर सुरूच झालेले नाही आणि मुदतीचे घड्याळ थांबलेले नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार परवानगी एक वर्ष टिकते. ती वाढवून मिळते, पण वाढ एकूण तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. मुंबई व काही अपवाद सोडून राज्याला लागू असलेली २०२० ची एकत्रीकृत नियमावली (यूडीसीपीआर) हेच सांगते : दरवर्षी नूतनीकरण, एकूण चार वर्षे. अर्ज वर्ष संपण्याआधी करायचा असतो. तुमची ती तारीख १३ जून २०२४ होती. उशीर शुल्क घेऊन माफ करता येतो, मात्र तो नियोजन प्राधिकरणाचा, म्हणजे इथे नगरपालिकेचा, अधिकार आहे, तुमचा हक्क नव्हे. माफी मिळाली तरी १३ जून २०२७ च्या पुढे ही परवानगी जाणार नाही.

आधी नूतनीकरण हातात घ्या, मगच मिक्सर बोलवा. मधल्या काळात जोते भरले तर ते विनापरवाना बांधकाम ठरून कलम ५२ आणि ५३ ची कारवाई ओढवू शकते. मुदतीत जोते झाले की पुढे नूतनीकरण लागत नाही, परवानगी काम पूर्ण होईपर्यंत चालते. पण आर्किटेक्टमार्फत जोत्याची सूचना देऊन जोते तपासणी दाखला घ्या. इथेच बहुतेकांचे अडते : जोते उभे असते, पण ते मुदतीत झाले याचा पुरावा फायलीत नसतो. तारखेसह काढलेले फोटो त्या दाखल्याची जागा घेत नाहीत.

चार वर्षे उलटली तर नवा अर्ज करता येतो, त्याला बंदी नाही. फक्त तो त्या दिवशीच्या नियमांवर तपासला जातो. दरम्यान विकास आराखड्यात रस्ता रुंद झाला असेल किंवा सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) बदलली असतील तर जुना नकाशा तसाच मंजूर होईलच असे नाही. विकास शुल्कही नव्या दराने.

प्रश्न : लेआउट मंजूर आहे, प्लॉटच्या हद्दीचे दगड रोवले आहेत. काम सुरू झाले म्हणायला एवढे पुरे?

उत्तर : नाही. अंतिम आखणीबरोबर रस्त्यांचे खडीकरण पूर्ण हवे आणि पाणी, सांडपाणी व गटाराच्या कामाचे खोदकाम होऊन तळाचे काँक्रीट पडलेले हवे.

प्रश्न : बिल्डर म्हणतो, परवानगी काम पूर्ण होईपर्यंत चालते, म्हणून ताब्याची घाई नको. बरोबर आहे का?

उत्तर : दोन वेगळ्या घड्याळांची गल्लत आहे ही, आणि ती बिल्डरच्या सोयीची आहे. परवानगी हा त्याचा आणि नियोजन प्राधिकरणाचा मामला. तुमच्याशी बांधिलकी करारातल्या ताब्याच्या तारखेची. ती चुकली तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १८ नुसार प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज. महारेराकडची, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडची, प्रकल्प नोंदणी वेगळी संपते. युद्ध, पूर, भूकंप अशा आपत्तींचा अपवाद सोडला तर कलम ६ नुसार तिला मिळणारी वाढ एकूण एका वर्षापेक्षा जास्त नसते. नोंदणीच संपुष्टात आली तर कलम ८ खाली उरलेले काम हाती घेण्याची पहिली संधी सदनिकाधारकांच्या संघटनेला असते, म्हणून संघटना आत्ताच नोंदवून ठेवा.