२० गुंठे ऊस, लागवड (म्हणजे खत) किती? दुकानदाराची चिठ्ठी आधी बाजूला ठेवा

हातकणंगले, करवीर, कागल, सगळीकडनं सध्या एकच प्रश्न येतोय. २० गुंठे सुरू ऊस (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला लावलेला) आहे, लागवड किती आणि कवा टाकायची? एका दादांनी दुकानदारानं दिलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवलाय: १०:२६:२६ तीन पोती, युरिया तीन पोती, ह्युमिक, दाणेदार एक बकेट आणि सगळ्यात खाली टॉनिकचा लिटरचा डबा. २० गुंठ्याला!

आता हिशोब बघा. सुरू उसाला राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलो नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे २० गुंठ्याला नत्र ५० किलो, स्फुरद आणि पालाश २३-२३ किलो. हे भागतंय एक पोतं डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत), दोन पोती युरिया आणि ३८ किलो पोटॅशमध्ये, बास. चिठ्ठीप्रमाणं टाकलं तर नत्र ७७ किलो आणि स्फुरद-पालाश ३९-३९ जातंय, म्हणजे सगळंच दीडपटीच्या वर. आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला) असेल तर डोस मोठा आहे, हेक्टरी ४००:१७०:१७०, तो सुरूला लावू नका, दुकानात बऱ्याचदा हाच घोळ होतो.

आणि कवा टाकायची ते किती टाकायची याच्याइतकंच महत्त्वाचं. लागणीला अर्धं पोतं डीएपी आणि १९ किलो पोटॅश, युरिया नको. ६ ते ८ आठवड्यानं युरिया ४३ किलो, पोत्यातला दोन किलो शिल्लक राहतोय. १२ ते १६ आठवड्यात फक्त ११ किलो. मोठ्या भरणीला (उसाच्या बुडाला माती चढवताना) राहिलेलं डीएपी, राहिलेला पोटॅश आणि ३४ किलो युरिया, आणि मातीआड करा. भरणीनंतर युरिया बंद म्हणजे बंद. पावसाळ्यात पान जरा पिवळं दिसलं की पोतं घेऊन पळायचं नाही, बऱ्याचदा सरीत पाणी तुंबून मुळं गुदमरलेली असतात, आधी चर काढून पाणी बाहेर काढा. शिरोळकडच्या क्षारपड रानात तर पिवळेपणाचं कारणच वेगळं असतंय, तिथं युरियानं काय होणार?

जादा युरियाचा ऊस दिसायला हिरवागार, शेजारी बांधावर थांबून बघणार, पण तो लोळतो, मावा कीड आणि पोक्का बोईंग या बुरशी रोगाला आमंत्रण देतो आणि साखर उतारा पडतो. गुऱ्हाळाला घालणाऱ्यांनी तर ऐकाच, नत्र जास्त झालं की गूळ नीट बसत नाही, रंग काळपट येतो, मग सौद्यात दर पडल्यावर अडत्याच्या नावानं ओरडून उपयोग नाही.

खोडव्याचं (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेल्या पिकाचं) विचारलंय ते. पाचट जाळू नका. परत सांगतो, जाळू नका. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, त्यावर २० गुंठ्याला युरिया १६ किलो, सुपर फॉस्फेट २० किलो आणि पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर २ किलो टाका. आणि लागवड पहारीनंच द्या. बुडख्यापासून १०-१५ सेंटीमीटर लांब, वीतभर खोल भोक, एक फुटावर एक, खत घालून तोंड मातीनं बंद. निम्मा डोस तुटल्यावर १५ दिवसांच्या आत, निम्मा १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूनं. माणूस जास्त लागतंय हे मान्य, पण वर फेकलेला युरिया वायू होऊन हवेत उडून जातो त्याचे पैसे कोण देणार? डोस सुरूएवढाच.

झिंक सल्फेट डीएपीत मिसळून टाकू नका, दोन्ही एकमेकाला अडकवतात, पिकाला काय मिळत नाही. झिंक शेणखतात मुरवून वेगळं द्या.

माती परीक्षण करा, मृदा आरोग्य पत्रिका काढा, अर्ज-नमुन्याचं सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहाय्यक) विचारा. नमुना बांधाचा, झाडाखालचा, उकिरड्याजवळचा घ्यायचा नाही. रिपोर्टमध्ये स्फुरद भरपूर निघालं तर डीएपीचं पोतं कमी करायचं, भीती वाटून टाकायचं नाही.

शेवटी लिंकिंग. "टॉनिक घेतलं तरच युरिया" असं म्हणणं बेकायदेशीर आहे. पॉस मशीनवर अंगठा दिला की पक्की पावती मागा, ४५ किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांचं आहे, पावतीवर तेवढाच आकडा पाहिजे. नाही दिली तर पावतीविना खत उचलू नका आणि पंचायत समितीत किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या, तोंडी सांगून अधिकाऱ्यांना काय करता येत नाही.