कोटा बांधण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. मासेमारीचा कोटा तू ‘कमाल शाश्वत उत्पादना’वर, म्हणजे साठा न घटवता दरवर्षी जास्तीत जास्त जेवढा मासा काढता येतो त्यावर, बेतला आहेस. त्यातच घात आहे. गणित करून बघ.

समज, समुद्राची धारणक्षमता, म्हणजे त्यात जास्तीत जास्त मावणारा मासा, 10,000 टन आणि वाढीचा दर वर्षाला 0.4. वर्षाची वाढ म्हणजे 0.4 × साठा × (1 − साठा ÷ 10,000). साठा 5,000 टन असताना वाढ सर्वाधिक, 1,000 टन. तेवढाच कोटा कायमचा बांधून दिलास आणि एका वाईट हंगामात साठा 4,000 वर आला, तर वाढ 960. तूट 40 टनांची, ती साठ्यातूनच जाणार. साठा 3,000 वर घसरला की तूट 160. कोटा कागदावर अजून ‘शाश्वत’च.

त्यापेक्षा दरवर्षी साठ्याच्या 15 टक्के धर. साठा 6,250 वर स्थिरावतो, पकड सुमारे 940 टन. पकड सहा टक्क्यांनी घटली, पण आधी साठ्याच्या 20 टक्के (5,000 तले 1,000) काढायचे होते, आता 15, म्हणून बोटींचे फेरे पाव हिश्शाने वाचले. नफ्याचं शिखर उत्पादनाच्या शिखराआधी लागतं, ते असं. इंधनाला अनुदान दिलं की वाचलेल्या फेऱ्यांची किंमतच उरत नाही, म्हणून ते बंद करण्याची शिफारस पहिल्या पानावर घे. (सावकाश वाढणाऱ्या जातींचं कोडं वेगळं: व्याजदर माशांच्या वाढीच्या दरापेक्षा जास्त असेल तर एकमेव मालकसुद्धा साठा विकून पैसे बँकेत ठेवील. तिथे कायद्याची किमान साठा-मर्यादाच हवी.)

साठा बोटींच्या पकडीवरून मोजू नकोस. मासा कमी होताना उरलेला थोड्या जागी गोळा होतो, बोटी नेमक्या तिथेच जातात आणि जाळी भरलेलीच दिसतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाबाबत अशीच फसगत झाली. 1992 मध्ये मासेमारी बंद करावी लागली. ठरावीक जाळं, चिठ्ठी टाकून निवडलेल्या जागा, दरवर्षी तोच महिना: सर्वेक्षण असं हवं.

नुसता एकूण कोटा बांधलास तर शर्यत लागते. अलास्कात हॅलिबट माशाचा हंगाम दोन-तीन दिवसांवर आला होता. वादळातही बोटी निघत. 1995 मध्ये प्रत्येकाचा वाटा ठरवून दिल्यावर हंगाम सुमारे आठ महिने चालू लागला. पण वाटे विकता येतात, आणि मोठे मालक ते गिळतात. एका मालकाकडे जास्तीत जास्त किती, हे पहिल्या दिवशीच लिही. वाटून झाल्यावर परत घेणं कुणालाच जमत नाही.

पुढच्या खेपेला सर्वेक्षणाचं अंदाजपत्रकही जोड.

कळावे.