देशी झाडं लावली, तरी जळाली

प्रश्न : सासवडजवळ उतारावर आमचा ५ गुंठ्यांचा मुरमाड प्लॉट आहे. गुलमोहर नको, देशीच हवं म्हणून गेल्या पावसाळ्यात सीताअशोक आणि सुरंगी लावली. खड्ड्यात विकतची काळी माती भरली. उन्हाळ्यात बहुतेक रोपं जळाली. कुठे चुकलं?

उत्तर : झाडं देशीच, पण त्या उताराची नव्हेत. सीताअशोकाला ओढ्याकाठची सावली नि ओल लागते. सुरंगी कोकणातली, दमट हवेची. रोपवाटिकेत जाण्याआधी चराई-वणव्यातून वाचलेल्या जवळच्या टेकडीवर एक फेरी मारा. आपटा, मेडशिंगी, पळस, खैर, बहावा आणि त्यांच्या आडोशाला करवंद, मुरुडशेंग, निर्गुडी यांपैकी जे तिथे आपसूक वाढलंय, तेच लावा. मोठी झाडं सहा-सातच, १५ ते १८ फुटांवर. उरलेली जागा झुडपांना आणि मारवेल, पवन्या या गवतांना सोडा. गवत बी पडल्यावरच, डिसेंबरात कापा.

दुसरी चूक काळ्या मातीची. मुरमात ती भरली की खड्ड्याचं गाडगं होतं. पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात, उन्हाळ्यात माती भेगाळून तुटतात आणि मऊ माती सोडून मुरमात शिरतच नाहीत. मे महिन्यात २ फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. निघालेलाच मुरूम-माती ३ भाग आणि कुजलेलं शेणखत १ भाग असं मिसळून भरा. दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावणी. रोप २-३ फुटांचंच घ्या. आठ फुटी रोपाची मुळं पिशवीत गुंडाळलेली असतात, ते पुढे वाऱ्याने आडवं होतं. पिशवी फाडल्यावर तळाशी वेटोळं दिसलं तर कात्रीने छाटा. उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घाला. पालापाचोळ्याचा चार इंची थर द्या, पण खोडाला टेकू देऊ नका. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला १५ लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्याला तेवढंच. मग हात आखडता घ्या, म्हणजे मुळं खोल जातील.

प्रश्न : बहाव्याची पानं हिरव्या अळ्यांनी कुरतडली आहेत. औषध मारू का?

उत्तर : मुळीच नको! त्या बहुधा एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या. बहावा त्यांचं हक्काचं खाद्य आहे. झाडाला पुन्हा पालवी येते. रोप अगदीच लहान असेल, तर थोड्या अळ्या पानासकट उचलून मोठ्या बहाव्यावर सोडा.