‘अमित ऑर मी’ की ‘अमित ऑर आय’?

प्रश्न असा आला आहे : ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्लीज कॉल अमित ऑर मी’ असं लिहिलं होतं. सहकाऱ्याने त्याचं ‘अमित ऑर आय’ केलं, कारण ‘मी’ गावंढळ वाटतं म्हणे. बरोबर कोण?

बरोबर तुम्हीच. अमितला क्षणभर वाक्याबाहेर काढा. ‘प्लीज कॉल आय’ असं तुमचा सहकारीही म्हणणार नाही. मग अमित परत आल्यावर ‘मी’चा ‘आय’ व्हायचं काही कारण उरत नाही.

त्याच्या चुकीचं मूळ बहुतेक शाळेत आहे. ‘मी अँड अमित वेंट’ म्हटलं की बाई लगेच दुरुस्त करायच्या : ‘अमित अँड आय’! तिथे बोलणारा स्वतः जाण्याच्या क्रियेचा कर्ता आहे, म्हणून ‘आय’. ओरडा लक्षात राहिला, कारण विसरलं आणि ‘अँड आय’ म्हणजे सभ्य इंग्रजी अशी समजूत तेवढी पक्की झाली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही ‘बिटवीन यू अँड आय’ सर्रास म्हणतात. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओच्या पत्रात नेमका हाच प्रयोग आहे. तरीही आजच्या प्रमाण लेखनात ‘बिटवीन’ या शब्दयोगी शब्दापुढे ‘मी’च हवं. आपण नाही का ‘तुझ्या-माझ्यात राहू दे’ म्हणतो? ‘तू-मीत’ म्हणत नाही.

पण मराठीचा आधार इथवरच घ्या, पुढे ती फसवते. एक तर इंग्रजी ‘मी’ कानाला आपल्या ‘मी’सारखं आणि अर्थाने ‘मला’. त्यातून ‘मला’ म्हणजे इंग्रजीत ‘मी’ हे समीकरणही टिकत नाही. ‘मला चहा आवडतो’, ‘मला माहीत आहे’, ‘मला भूक लागलीय’ या तिन्हींत आपण ‘मला’ म्हणतो आणि इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘आय’ लागतं. आपल्याकडे आवडणं, माहीत असणं, भूक लागणं माणसाला ‘होतं’. इंग्रजीत तो माणूसच वाक्याचा कर्ता होऊन बसतो. म्हणून ‘ताईला आणि मला चहा आवडतो’ याचं इंग्रजी ‘माय सिस्टर अँड आय लाइक टी’. सोबतचा माणूस वगळून बघायची परीक्षा इंग्रजी वाक्यावरच घ्या, मराठीवर नको.

दारावरची गंमत उलटी आहे. ‘कोण?’ विचारल्यावर आपण ‘मी’ म्हणतो, ‘मला’ नाही. त्या हिशेबाने ‘इट इज आय’ हवं, आणि लॅटिनच्या वळणाने जाणारे जुने व्याकरणकार त्याचाच आग्रह धरत. बोलताना मात्र ‘इट्स मी’ म्हणा. दाराआडून ‘इट इज आय’ ऐकू आलं तर मला आधी नाटकाची तालीम चाललीय असं वाटेल.

‘यू’च्या बाबतीत हा घोळ होत नाही, कारण तिथला भेदच मिटला. पूर्वी अनेकांशी किंवा आदराने बोलताना कर्त्याच्या जागी ‘यी’ आणि कर्माच्या जागी ‘यू’ असायचं. 1611 च्या इंग्रजी बायबलात ‘यी शॅल नो द ट्रूथ, अँड द ट्रूथ शॅल मेक यू फ्री’ या एकाच ओळीत दोन्ही रूपं आपापल्या जागी दिसतात. पुढे कर्माच्या ‘यू’ने कर्त्याचीही जागा घेतली आणि ‘यी’ प्रमाण भाषेतून गेलं.