नमुन्यांची वही आधी उघड

प्रिय विद्यार्थी मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ‘जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस’ या जनुकांच्या मोजमापांच्या सार्वजनिक संग्रहातून उतरवून घेतलेल्या चार अभ्यासांपैकी एकात गाठीचे आणि निरोगी ऊतींचे नमुने स्वच्छ वेगळे होतात, उरलेल्या तिन्हींत तो भेद विरून जातो, म्हणून आता नमुन्यांची वर्गवारी करणारी रँडम फॉरेस्ट ही संगणकीय पद्धत सोडून न्यूरल नेटवर्क या दुसऱ्या पद्धतीकडे वळावे का, असे तू विचारतोस. पद्धतीचा विचार तूर्त बाजूला ठेव. प्रत्येक नमुना कुठल्या दिवशी, कुणाच्या हातून, कुठल्या यंत्रावर गेला, हे आधी शोध.

हे मी फार मोठी किंमत मोजून शिकलो. एका प्रकल्पात मला दोन गटांना वेगळे करणारी जनुके मिळाली होती आणि हीटमॅपमधले, म्हणजे जनुकांची पातळी रंगांनी दाखवणाऱ्या आलेखातले, लाल-निळे पट्टे पाहून मी हरखून गेलो होतो. दीड वर्षाने प्रयोगशाळेतली वही हाती आली, तेव्हा कळले की गाठीचे सगळे नमुने मार्चमध्ये आणि निरोगी नमुने जुलैमध्ये, रसायनांच्या नव्या खेपेवर तपासले होते. मला सापडलेला फरक रोगाचा की दोन खेपांचा, हे ठरवण्याचा मार्गच उरला नव्हता. अशा वेळी बॅच-दुरुस्ती, म्हणजे खेपेमुळे आलेला फरक गणिताने काढून टाकणे, हीही कामी येत नाही, कारण खेपेचा परिणाम पुसताना रोगाचा परिणामही पुसला जातो. ती वही पहिल्याच दिवशी मागायला मला कुणीही अडवले नव्हते, याची खंत आजही जात नाही.

वीस हजार जनुकांच्या चाचण्यांना पी-मूल्याची 0.05 ही मर्यादा लावली, म्हणजे योगायोगाने चुकण्याची पाच टक्के मुभा दिली, तर खरा फरक कुठेच नसतानाही सरासरी हजार जनुके हाती लागतात. त्यासाठी अशा खोट्या शोधांचे प्रमाण आवरणारी बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांची 1995 ची रीत तू वापरतोसच. पण ती रीत नमुन्यावरची चिठ्ठी तपासत नाही. ते काम तुझे आहे. एक्सआयएसटी हे जनुक स्त्रियांच्या ऊतींत व्यक्त होते, आरपीएस४वाय१ हे वाय गुणसूत्रावरचे असल्याने पुरुषांच्या. या दोघांचा आलेख काढ आणि नोंदवलेल्या लिंगाशी ताडून पाहा. एखाद्या ‘पुरुषा’त एक्सआयएसटी भरभरून दिसले, तर बहुधा नळ्यांची किंवा नोंदींची अदलाबदल झालेली असते. एक्सेलही असाच घात करते: ते ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ या जनुकांच्या तारखा करून टाकते, आणि त्यापायीच 2020 मध्ये अशा जनुकांची अधिकृत नावे बदलावी लागली.

मी प्रत्येक कामाला उशीर लावतो, असे माझे सहकारी म्हणत. मी त्यांना 2002 साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंडाशयाच्या कर्करोगावरील निबंधाची आठवण देत असे. रक्तद्रवातील प्रथिनांच्या आकृतिबंधावरून त्यात जवळपास अचूक निदानाचा दावा होता. पुढे संख्याशास्त्रज्ञ बॅगर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच डेटा पुन्हा तपासला, तेव्हा त्या भेदामागे नमुने हाताळण्यातल्या त्रुटी असाव्यात, अशी दाट शंका पुढे आली. प्रत्यक्षात नसलेल्या रोगखुणेवर कुणा बाईची शस्त्रक्रिया ठरू शकते. उशीर झाला असेल. तो मी पुन्हा करीन.

तुझा तो देखणा अभ्यास अ‍ॅफिमेट्रिक्स या हजारो जनुकांची पातळी एकदम मोजणाऱ्या चिपवरचा आहे. चिपच्या स्कॅनमधून निघालेल्या कच्च्या सीईएल फाइलींच्या शीर्षभागात स्कॅनची तारीख बहुधा असते. त्या तारखा काढून नमुन्यांच्या गटांसमोर मांड आणि तो तक्ता मला पाठव. न्यूरल नेटवर्कविषयी त्यानंतर बोलू.

तुझा हितचिंतक